उरलेल्या गोळ्या : स्तनाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाची १८ महिन्यांची देखभाल

रुग्ण ४६ वर्षांच्या, शिवणकाम करणाऱ्या आणि सगळी कामे उजव्या हाताने करणाऱ्या होत्या. उजव्या स्तनातली गाठ त्यांच्या स्वतःच्याच हाताला लागली होती. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी केली तेव्हा त्याच स्तनाच्या दुसऱ्या भागात आणखी एक लहान गाठ दिसली, आणि जाड सुईने तुकडा घेऊन केलेल्या बायोप्सीत दोन्ही ठिकाणी कर्करोग असल्याचे निश्चित झाले. त्यांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी वेगळे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका म्हणून मी त्यांच्याबरोबर निदानाच्या दिवसापासून होते. वॉर्डातली परिचारिका आपल्या पाळीपुरती रुग्णाला सांभाळते आणि केमोच्या विभागातली त्या दिवसाच्या सलाईनपुरती. सर्जन, केमो देणारे डॉक्टर, रेडिएशनचा विभाग आणि फिजिओथेरपिस्ट या सगळ्यांकडून रुग्ण फिरत असताना तिच्याबरोबर एकच माणूस शेवटपर्यंत असावा, म्हणून विशेष परिचारिकेचे पद असते. या कामाचे वर्णन बहुतेक वेळा ‘धीर देणे’ एवढ्यावर आटोपते आणि ते मला नेहमी अपुरे वाटत आले आहे. या रुग्णाच्या बाबतीत जे उपयोगी पडले ते मुख्यतः वेळेवर विचारलेले प्रश्न होते, आणि जिथे नुकसान झाले तिथे माझा प्रश्न उशिरा विचारला गेला होता. दोन्ही गोष्टी मी येथे मांडत आहे.

निदानाची भेट

सर्जननी निदान नीट, सावकाश आणि सोप्या शब्दांत सांगितले. त्यानंतर मी रुग्णाला व त्यांच्या यजमानांना शेजारच्या खोलीत घेऊन बसले आणि विचारले, “डॉक्टर काय म्हणाले, ते तुमच्या शब्दांत सांगाल का, ताई?” त्या म्हणाल्या, “काढायचा म्हणाले.” त्याच्या पुढचे एकही वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. यात सर्जनची चूक नव्हती. तो एक शब्द कानावर पडल्यावर माणसाला पुढचे ऐकूच येत नाही, आणि म्हणूनच निदानानंतर लगेच वेगळ्या खोलीत वेगळी बैठक ठेवावी लागते.

बोलता बोलता दोन समजुती बाहेर आल्या. पहिली अशी की बायोप्सीची सुई टोचल्यामुळे आजार पसरला. दुसरी अशी की स्तन पूर्ण काढायचा आहे, त्याअर्थी आजार शेवटच्या टप्प्यात असला पाहिजे. पहिल्या समजुतीमुळे त्या पुढची कोणतीही सुई टोचून घ्यायला तयार नव्हत्या. दुसरी त्याहून घातक होती, कारण शेवटचाच टप्पा असेल तर उपचार कशाला, इथपर्यंत त्यांचा विचार गेला होता. एकच लहान गाठ असती तर तेवढाच भाग काढून पुढे रेडिएशन देता आले असते. त्या पद्धतीने आणि पूर्ण स्तन काढून, दोन्ही मार्गांनी आयुष्य सारखेच मिळते, हे इटली आणि अमेरिकेतील दोन चाचण्यांच्या २० वर्षांच्या पाठपुराव्यातून २००२ साली स्पष्ट झाले आहे. त्यांच्या गाठी दोन वेगळ्या भागांत होत्या, म्हणून पूर्ण काढण्याचा सल्ला होता; टप्प्याशी त्याचा संबंध नव्हता. मी कागदावर वर्तुळ काढून दोन गाठींच्या जागा दाखवल्या. त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले, दोन्ही ठिपक्यांभोवती रेघ ओढली आणि म्हणाल्या, “एवढं कापून काढल्यावर जोडायला कापड उरतंय कुठं?” इतके नेमके स्पष्टीकरण मला सुचले नसते. तो कागद मी त्यांच्या फाइलला लावून ठेवला.

त्याच भेटीत आणखी एक विषय निघाला. वय ५० पेक्षा कमी असल्याने त्यांची जनुकीय तपासणी, म्हणजे आजार आनुवंशिक आहे का हे पाहणारी तपासणी, करणे योग्य ठरणार होते, आणि त्यांना १७ वर्षांची मुलगी होती. त्या म्हणाल्या, “आत्ता नको. पोरीचं नाव यात आत्ता नको.” मी आग्रह धरला नाही. फाइलच्या शेवटच्या पानावर ‘नंतर विचारायचे’ असे लिहून त्याखाली ही नोंद केली.

शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेत स्तन आणि काखेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे बोलीतल्या ‘काखेतल्या गाठी’, काढल्या. अहवालात मोठी गाठ २.८ सेंटिमीटरची निघाली, काखेतल्या १४ गाठींपैकी २ मध्ये आजार सापडला, इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर पोसणारा आजार, आणि हर-२ या प्रथिनासाठी निगेटिव्ह. पुढे केमो, त्यानंतर रेडिएशन आणि मग हार्मोनची (म्हणजे हार्मोनचा परिणाम अडवणारी) गोळी, असा आराखडा ठरला.

घरी जाताना जखमेतली नळी, म्हणजे ड्रेन, तशीच ठेवून पाठवावे लागते. नळीला लावलेल्या डब्यात साठलेले पाणी दर २४ तासांनी मोजायचे, लिहून ठेवायचे, आणि साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आले की नळी काढायची. रुग्णांना याची फार भीती वाटते, कारण नळी ओढली जाईल या विचाराने झोप लागत नाही. या बाईंनी डाव्या हाताने कापून, मुलीकडून मशीनवर शिवून घेऊन, गळ्यात अडकवायची एक छोटी पिशवी केली आणि डबा त्यात ठेवला. तिचा नमुना मी मागून घेतला. तो आजही आमच्या विभागात इतर रुग्णांना दाखवला जातो.

जखम पाहण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. चौथ्या दिवशी पट्टी बदलताना त्यांनी नजर छताला लावली होती आणि मी त्याबद्दल काही बोलले नाही. ‘बघून घ्या, सवय होईल’ असे म्हणण्याचा मोह परिचारिकेने टाळावा, असे माझे ठाम मत आहे. बघायचे कधी, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचा आहे. नळी काढायच्या दिवशी, म्हणजे दहाव्या दिवशी, पट्टी सोडल्यावर मी विचारले, “आधी बघायचं, की आधी हात लावायचा?” त्यांनी डोळे मिटले आणि डाव्या हाताची बोटे काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत टाक्यांवरून हळूहळू फिरवली, शिवण तपासावी तशी. मग म्हणाल्या, “टाका सरळ आलाय.” आणि डोळे उघडले. त्या रडल्या, मी खुर्ची जवळ ओढून बसून राहिले.

त्या दिवशी त्यांना कापसाची हलकी गादी दिली, जी ताज्या जखमेवरही ब्रेसियरमध्ये ठेवता येते. सिलिकॉनचा वजनदार कृत्रिम स्तन जखम पूर्ण भरल्यावर, साधारण ६ ते ८ आठवड्यांनी मोजून घ्यायचा असतो. पुढे त्यासाठी लागणारा आतला खिसा त्यांनी स्वतःच शिवून घेतला.

ताप

केमोची पहिली मात्रा देण्यापूर्वी मी त्यांच्याशी आणि यजमानांशी सुमारे पाऊण तास बोलले. औषधाच्या लाल रंगामुळे एक-दोन दिवस लघवी लालसर होईल आणि ते रक्त नसेल. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस गळू लागतील. उलटीची गोळी मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता घ्यायची. हे सगळे सांगताना एका सूचनेसाठी मी वेगळे कार्ड देते, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतो. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त आला तर वेळ कोणतीही असो, आधी फोन करायचा. फोनपूर्वी तापाची गोळी घ्यायची नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी यजमानांचा फोन आला. ताप ३८.३ होता, खोकला नाही, जुलाब नाही, रुग्ण बसून बोलत होत्या. त्यांनी विचारले, “एक पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू का?” आजारी माणसाला संध्याकाळी पुन्हा प्रवास नको, हा त्यांचा हेतू समजण्यासारखा होता. मी ठामपणे नाही म्हणाले आणि तातडीच्या विभागाला फोन करून रुग्ण केमोवर असल्याचे, कोणती औषधे कोणत्या दिवशी दिली याचे आणि पेनिसिलिनची ॲलर्जी नसल्याचे कळवून ठेवले. त्या पोहोचल्यावर तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाले. रक्ताच्या अहवालात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, मायक्रोलिटरमागे ३०० होत्या. निरोगी माणसात त्या सहसा १५०० च्या वर असतात. पेशी इतक्या उतरल्या असताना शरीरात पू धरत नाही, सूज येत नाही आणि ताप हे एकमेव लक्षण असू शकते. पॅरासिटामॉलने तेही झाकले गेले असते आणि रात्र निघून गेली असती. पाच दिवसांनी त्या घरी गेल्या. पुढच्या प्रत्येक फेरीत पेशी वाढवणारे इंजेक्शन जोडले गेले आणि तसा प्रसंग पुन्हा आला नाही.

हात

काखेतल्या गाठी काढल्यावर हातातले लसिकाद्रव वाहून नेणारे मार्ग कमी होतात आणि काही रुग्णांत हात सुजतो. ही सूज सुरुवातीला सापडली तर आवरता येते, जुनी झाली तर कायमची राहू शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हातांची मापे घेऊन ठेवायची असतात, नाहीतर पुढे तुलना कशाशी करायची? मनगटापासून दर १० सेंटिमीटरवर पेनाने खूण करून मी टेप लावत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, “सिस्टर, टेप तिरकी धरलीत. असं माप घेतलं तर बाही बिघडते.” त्यांचे बरोबर होते. माझ्या आधीच्या किती रुग्णांची मापे तिरकी घेतली गेली असतील, हा विचार तेव्हापासून मला सोडत नाही. पुढे घरी महिन्यातून एकदा माप घेण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आणि त्यांच्या नोंदी माझ्या नोंदींपेक्षा चोख होत्या.

तिसऱ्या आठवड्यात काखेतून कोपराकडे ताणलेल्या दोरीसारखे काहीतरी हाताला लागू लागले, तेव्हा त्यांना आजार परतल्याची भीती वाटली. अशी दोरी शस्त्रक्रियेनंतर अनेकींना येते, तिचा आजाराशी संबंध नसतो आणि ताणाच्या व्यायामाने ती बहुधा काही आठवड्यांत सैल होते, हे त्यांना फोनवरच समजावता आले. अकराव्या महिन्यात त्यांच्याच मापाप्रमाणे उजवा हात कोपराखाली २ सेंटिमीटरने वाढला. फिजिओथेरपिस्टकडे त्याच आठवड्यात पाठवले, दाब देणारी घट्ट बाही सुरू झाली आणि मशीनवर सलग बसण्याचा वेळ विभागून दिला.

गोळ्या

केमो आठव्या महिन्यात संपली, त्यानंतर १५ दिवस रेडिएशन झाले आणि दहाव्या महिन्यात टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, रोज एक गोळी, सुरू झाली. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि आम्हीही ‘संपले एकदाचे’ असे म्हटले. आमचे म्हणणे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे होते, कारण हार्मोनवर पोसणाऱ्या आजारात ही लहानशी गोळी केमोइतकीच महत्त्वाची असते. ती ५ वर्षे घेतली तर पहिल्या १५ वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे मोठ्या एकत्रित विश्लेषणांतून सिद्ध झाले आहे. तरीही गोळी सुरू झाली की भेटी तीन-तीन महिन्यांवर जातात आणि रुग्ण आमच्या नजरेआड होतो.

आमच्याकडे प्रत्येक भेटीत मनावरच्या ताणाचा एक छोटा तक्ता भरून घेतात. तापमापीच्या चित्रावर ० ते १० पैकी आकड्याला खूण करायची. ४ किंवा अधिक आले तर पुढे विचारपूस करायची. या बाईंचा आकडा प्रत्येक वेळी २ होता. सलाईनच्या दिवसांत हात दुखत असल्यामुळे तक्ता त्यांचे यजमान भरत, ते विचारत, “काय लिहू?” आणि त्या म्हणत, “दोन.” हे माझ्यासमोर महिनोन्‌महिने घडत होते. तापाने पाच दिवस रुग्णालयात राहिल्यानंतरही २, केस गेल्यावरही २, आणि मला त्यात काही खटकले नाही. नवऱ्यासमोर कोणती बाई सात म्हणेल? ही चूक सर्वस्वी माझी होती.

तेराव्या महिन्यातल्या भेटीत मी नेहमीप्रमाणे विचारले, “गोळ्या घेताय ना?” त्यांनी मान हलवली. चिठ्ठी लिहून देण्यासाठी मी विचारले, “किती उरल्यात?” आणि त्या म्हणाल्या, “आहेत अजून.” गोळ्या सुरू करताना ९० दिल्या होत्या आणि हिशेबाने त्या दहा दिवसांपूर्वी संपायला हव्या होत्या. मी पाहायला मागितल्या. पिशवीतून दहा-दहा गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या: पाच जशाच्या तशा, आणि एकीत चार खळगे फोडलेले. ५६ गोळ्या उरल्या होत्या. म्हणजे पाच आठवडे घेऊन त्यांनी त्या बंद केल्या होत्या, आणि ‘घेताय ना’ या माझ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेच येणार होते, कारण तो प्रश्नच तसा घडवलेला होता.

यजमानांना मी अहवाल आणायला पाठवले आणि दार लावून घेतले. अंगातून वाफा निघतात, रात्री तीन-चार वेळा घामाने कपडे बदलावे लागतात, पहाटे चारला जाग येते ती येतेच, हे त्यांनी आधी सांगितले. थोड्या वेळाने म्हणाल्या, “सकाळी ती गोळी हातात घेतली की आजार परत घरात येतो, सिस्टर.” मशीन दोन महिने बंद होते. आपण नसतो तर सगळ्यांचे सुटले असते, असेही मनात येत होते. जीव देण्याचा विचार येतो का, तसे काही ठरवले आहे का, हे मी सरळ विचारले. असे विचारल्याने तो विचार मनात भरत नाही आणि न विचारल्याने तो जात नाही. तसे काही ठरवलेले नव्हते. तक्ता पुन्हा, एकटीने भरायला दिला. आकडा ७ आला.

त्याच दिवशी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. सोबतच्या पत्रात मी टॅमॉक्सिफेनचा उल्लेख ठळकपणे केला, कारण नैराश्यावरची काही औषधे, विशेषतः पॅरॉक्सेटिन, यकृतातल्या ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) टॅमॉक्सिफेनचे परिणामकारक रूप तयार होते त्याच विकराला अडवतात. डॉक्टरांनी व्हेनलाफॅक्सिन निवडले. त्याची त्या विकराला बाधा नगण्य असते आणि अंगातून निघणाऱ्या वाफांवरही त्याचा उपयोग होतो. समुपदेशनाच्या भेटी वेगळ्या सुरू झाल्या. दोन-तीन आठवड्यांनी झोप सुधारल्यावर टॅमॉक्सिफेन पुन्हा चालू केले. दिवसाच्या कोणत्याही वेळी घेता येत असल्याने त्यांनी ते रात्रीवर नेले, म्हणजे दिवसाची सुरुवात त्या गोळीने व्हायला नको. पंधराव्या महिन्यात मशीन सुरू झाले.

या प्रकरणातून काय निघते

ब्रिटनमध्ये मनोविकारतज्ज्ञ पीटर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मी विद्यार्थिनींना नेहमी सांगते. स्तन काढलेल्या स्त्रियांच्या एका गटाला परिचारिकेचे समुपदेशन व नियमित भेटी मिळाल्या, दुसऱ्या गटाला नेहमीची देखभाल. समुपदेशनामुळे मानसिक आजार टळला नाही. मात्र परिचारिकेचे लक्ष असल्यामुळे ज्यांना मदतीची गरज होती त्यांतल्या बहुतेकींना तिने ओळखून पुढे पाठवले, आणि वर्ष-दीड वर्षाने त्या गटात मानसिक त्रास बराच कमी आढळला. नेहमीच्या देखभालीत अशा स्त्रियांपैकी फार थोड्या ओळखल्या गेल्या होत्या. विशेष परिचारिकांच्या कामाविषयीच्या २०२१ सालच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, १४ चाचण्यांतील २,९०५ स्त्रियांची माहिती तपासली आहे. त्याचा निष्कर्ष सावध आहे: जीवनमान, चिंता आणि नैराश्य यांत सुधारणा होऊ शकते, किंवा फरक थोडाच राहतो, आणि पुराव्याची खात्री सगळीकडे सारखी नाही. हा सावधपणा मला मान्य आहे. नवव्या दिवसाचा तो फोन किंवा शिल्लक राहिलेल्या ५६ गोळ्या जीवनमानाच्या प्रश्नावलीत कुठे उमटतील, हे सांगणे अवघड आहे.

आमच्या विभागात यानंतर तीन बदल झाले. ताणाचा तक्ता रुग्ण एकटी भरते, गरज पडल्यास परिचारिकेच्या मदतीने. हार्मोनची गोळी सुरू झाल्यावर चौथ्या आठवड्यात मी स्वतः फोन करते आणि किती गोळ्या उरल्या हे विचारते. रेडिएशन संपताना ‘उपचार संपले’ हे वाक्य कोणी वापरायचे नाही. यासाठी माणसे लागतात, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. स्तनविकार केंद्रांच्या युरोपीय निकषांत किमान दोन विशेष परिचारिका असाव्यात असे म्हटले आहे, ते उगीच नाही. एकटी परिचारिका रजेवर गेली की ताप आलेल्या रुग्णाचा फोन कोण घेणार?

सोळाव्या महिन्यात मी फाइलचे शेवटचे पान उघडले आणि जनुकीय तपासणीचा विषय पुन्हा काढला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तिला आत बोलावू का?” मुलगी बाहेर बाकावर बसली होती. आधी तपासणी आईची, दोष सापडला तरच मुलीची, आणि तीही तिच्या इच्छेने, हे दोघींना एकत्र सांगितले. समुपदेशन झाल्यावर आईच्या रक्ताचा नमुना पाठवला. अठराव्या महिन्यात त्या आल्या तेव्हा दोन्ही हातांच्या मापांतला फरक १ सेंटिमीटरवर आला होता आणि गोळ्यांचा हिशेब जुळत होता. जनुकीय अहवाल यायचा आहे. तो घ्यायला दोघी येणार आहेत, आणि त्यांची वेळ मी दुपारची, सगळ्यांत शेवटची ठेवली आहे, म्हणजे त्यांच्यानंतर बाकावर कोणी वाट पाहत नसेल.